रॉय कझेलीच्या खात्यावर काय जमा आहे?

डिसेंबरच्या थंडीत पहाटे उठून मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी बघणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यातल्या अनेकांना एक गोष्ट खटकते. तिथली खेळपट्टी बाहेर तयार करतात, अख्खी उचलून आणतात, मैदानाच्या मधोमध बसवतात आणि हंगाम संपला की काढून नेतात. लाखभर माणसं बसतील एवढं मैदान, नावातच 'क्रिकेट', आणि त्याला स्वतःची कायमची खेळपट्टी असू नये?

उत्तर सोपं आहे. त्यांच्या हिवाळ्यात या मैदानावर क्रिकेट नसतंच. मार्चपासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिथे दर आठवड्याला छत्तीस धिप्पाड माणसं धावतात, आदळतात, चिखलात लोळतात. रोलर फिरवून दगडासारखी केलेली माती त्यांच्या गुडघ्यांना परवडत नाही आणि त्यांचे खिळ्यांचे बूट त्या मातीला परवडत नाहीत. या हिवाळी खेळाचं नाव ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिथली माणसं लाडाने 'फूटी' म्हणतात.

मुलाकडे किंवा मुलीकडे मेलबर्नला गेलेले आपले आईवडील हा खेळ पहिल्यांदा बघतात तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चेंडू हातात घेऊन पळतात, उंच उड्या मारून झेल घेतात, गोलकीपर तर दिसतच नाही, मग हा फुटबॉल कसा? आणि खेळ थोडा कळू लागला की तिसरा प्रश्न येतो, जो क्रिकेटवाला कुठल्याही खेळाबद्दल विचारतोच: यांचा ब्रॅडमन कोण?

या तिसऱ्या प्रश्नाला तिथे एकच उत्तर मिळत नाही, पण जुन्या काळचं नाव विचारा, रॉय कझेली हे नाव हमखास निघतं. खेळातलं ओ का ठो न कळणाऱ्या ऑस्ट्रेलियन माणसालाही ते माहीत असतं. म्हणून आपण उत्साहाने त्याची आकडेवारी काढायला जातो आणि बुचकळ्यात पडतो. वरच्या श्रेणीच्या लीगमध्ये एकही अजिंक्यपद नाही. गोलांचा विक्रम नाही. ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम आणि स्वच्छ खेळाडूचा मान, तोही नाही. मग या माणसाच्या खात्यावर आहे तरी काय? हे समजायला आधी खेळ समजून घ्यावा लागेल, निदान चार गोष्टी तरी.

१. क्रिकेटवाल्यांनी काढलेला खेळ

१८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका क्रीडासाप्ताहिकाला पत्र लिहिलं. हिवाळ्यात क्रिकेटपटू नुसते बसून राहतात आणि त्यांचं अंग जड होतं, तेव्हा त्यांच्यासाठी एखादा फुटबॉल क्लब काढावा, असा त्याचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी विल्स आणि त्याच्या मित्रांनी मिळून खेळाचे नियम लिहून काढले. म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या सॉकरचे लंडनमधले नियम कागदावर यायच्या आधी मेलबर्नचे नियम तयार होते. (हाच विल्स पुढे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या क्रिकेट संघाचा कप्तान झाला. त्या संघाने १८६६ साली बॉक्सिंग डेला मेलबर्नच्याच मैदानावर सामना खेळला. ती हकिकत स्वतंत्र प्रकरणाच्या लायकीची आहे.)

जागा क्रिकेटच्या मैदानाचीच वापरायची असल्यामुळे फूटीचं मैदानही लंबगोल राहिलं. त्याला ठरलेलं माप नाही. लांबी साधारण १३५ ते १८५ मीटर, बाकी ज्या गावाचं जसं मैदान असेल तसं. एका बाजूला अठरा खेळाडू. ऑफसाइड नावाची भानगड नाही, त्यामुळे कोणीही कुठेही उभं राहावं. चेंडूला लाथ मारायची, किंवा तो एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकायचा मात्र नाही. हातात घेऊन पळता येतं, पण मधून मधून तो जमिनीवर टप्पा पाडून पुन्हा घ्यावा लागतो, आणि लंबगोल चेंडूचा टप्पा कुठे जाईल हे त्या चेंडूलाही ठाऊक नसतं.

२. सहाचा गोल, एकाची चूक

मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात, दोन उंच मधले आणि दोन बुटके कडेचे. मधल्या दोघांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, सहा गुण. मधल्या आणि कडेच्या खांबामधून गेला तर 'बिहाइंड', एक गुण. नेम चुकला तरी अगदी वाया गेला नाही, असा हा दिलदार हिशेब. ही पद्धत १८९७ पासूनची, म्हणजे ज्या वर्षी व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम आठ क्लबांनिशी सुरू झाला तेव्हापासूनची.

एक उदाहरण करून बघू. एका संघाचे १२ गोल आणि ९ बिहाइंड: बारा सक बाहत्तर अधिक नऊ, एकूण ८१. दुसऱ्याचे ११ गोल आणि १६ बिहाइंड: अकरा सक सहासष्ट अधिक सोळा, एकूण ८२. एक गोल कमी असूनही दुसरा संघ जिंकला. धावफलक वाचायला एवढं पुरे.

३. झेल घेतला की जग थांबतं

या खेळाचा खरा प्राण आहे 'मार्क'. पुरेशा लांबून लाथेने आलेला चेंडू जमिनीवर पडायच्या आत स्वच्छ झेलला की मार्क झाला. त्याक्षणी खेळ त्या खेळाडूपुरता थांबतो. कोणी त्याला धक्का मारायचा नाही, हिसकावायचं नाही. त्याने दोन पावलं मागे यावं, श्वास घ्यावा, निवांत नेम धरावा आणि लाथ मारावी.

एवढं मोठं बक्षीस झेलाला लावल्यावर जे व्हायचं तेच झालं. चेंडू हवेत गेला की पाच-सहा जण त्याच्याखाली जमतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या वर जायला बघतो. पुढच्याच्या पाठीवर, खांद्यावर गुडघा टेकवून चढणं नियमात बसतं, डोळे चेंडूवर असले म्हणजे झालं. प्रेक्षक ओरडतात ते गोलापेक्षा या उड्यांसाठी.

उडीला आणखी एका ठिकाणी भाव आहे. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलानंतर पंच मैदानाच्या मध्यभागी चेंडू उंच उडवतो, पूर्वी तो जमिनीवर आपटून उडवत. दोन्ही बाजूंचे उंच खेळाडू धावत येऊन उडी मारतात आणि तो आपल्या माणसाकडे टोलवायला बघतात. या कामाला 'रक' म्हणतात. कझेलीच्या काळी प्रत्येक संघाची तिघांची टोळी चेंडूच्या मागे मैदानभर फिरत असे: दोन दणकट गडी आणि एक चपळ, बुटका, ज्याला 'रोव्हर' म्हणत. पहिला उडणार, दुसरा त्याच्यासाठी वाट मोकळी करणार, तिसरा खाली आलेला चेंडू उचलून पळणार. राखीव खेळाडू तेव्हा नव्हते. कोणाचा पाय मुरगळला तर उरलेल्या सतरा जणांनी निभवायचं. बदली म्हणून एकोणिसावा माणूस लीगने आणला तो १९३० साली, कझेली तिथून निघून गेल्यावर.

४. संपात मिळालेली संधी

रॉय कझेलीचा जन्म १३ जानेवारी १८९३ चा, मेलबर्नच्या अल्बर्ट पार्क भागातला. ज्या तळ्याभोवती आता फॉर्म्युला वनच्या गाड्या धावतात तेच हे अल्बर्ट पार्क. बाप सुतार, आई सुईण आणि जडीबुटीची जाणकार, आणि हा घरातलं दहावं अपत्य. औषधी, मालिश, आहार याचं वेड त्याला आईकडून आलं असणार. ते शेवटपर्यंत टिकलं.

पहिला प्रयत्न त्याने कार्लटन क्लबकडे केला. तिथे खांदा दुखावला, क्लबने त्याच्याकडे नीट बघितलं नाही असं त्याचं मत झालं आणि तो सेंट किल्डा क्लबकडे गेला. (शेन वॉर्न तरुणपणी ज्या क्लबाच्या कनिष्ठ संघातून फूटी खेळला, तोच हा.) साल होतं १९११, आणि सेंट किल्डात त्या वर्षी रणकंदन चाललं होतं. कपडे बदलायच्या खोलीत कोणाला येऊ द्यायचं या असल्या क्षुल्लक बाबीवरून खेळाडू आणि कमिटी यांचं बिनसलं आणि नेहमीच्या खेळाडूंनी खेळायला नकार दिला. क्लबने दिसेल त्या पोराला जर्सी चढवली. या गडबडीत अठरा वर्षांचा कझेली वरच्या श्रेणीत येऊन पोचला. संघ हरत होता, पण त्याचं नाव यादीत चढलं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, आणि ती पुढे त्याच्या सगळ्या आयुष्याला पुरली. तोपर्यंत हा खेळ कागदोपत्री हौशी होता. पैसे टेबलाखालून दिले जात आणि सगळ्यांना ते माहीत असे. १९११ मध्ये लीगने खेळाडूंना पैसे द्यायची उघड परवानगी दिली. म्हणून हा लखपतींचा खेळ झाला असं मुळीच नाही. आठवडाभर कामधंदा आणि शनिवारी दुपारी सामना, हीच रीत पुढे कित्येक दशकं चालली.

मग महायुद्ध आलं. सेंट किल्डाच्या पट्ट्यांचे रंग लाल, पांढरा आणि काळा, म्हणजे नेमके जर्मन साम्राज्याच्या झेंड्याचे. १९१५ साली क्लबने पांढऱ्याच्या जागी पिवळा घातला आणि बेल्जियमचे रंग केले. तेवढ्याने भागलं नाही. माणसं युद्धावर जात होती, खेळणं बरं दिसत नव्हतं, आणि १९१६ व १९१७ हे दोन हंगाम सेंट किल्डा खेळलाच नाही. १९१६ मध्ये लीगमध्ये फक्त चार क्लब उरले. त्या वर्षी फिट्झरॉयचा संघ साखळीत शेवटचा आला, पण चारही संघ बाद फेरीत असल्यामुळे त्याला संधी मिळाली आणि अजिंक्यपदही त्यानेच मारलं. शेवटचा नंबर आणि पहिला नंबर एकाच संघाचा, एकाच वर्षी. या लीगमध्ये असं पुन्हा कधी घडलं नाही.

कझेलीची तेवीस-चोवीस वर्षांची ताकदीची वर्षं अशी गेली. १९१८ ला तो परतला आणि १९२० पर्यंत सेंट किल्डाकडून खेळला. सामने झाले ९९. शंभरावा झाला नाही.

५. शेडमध्ये टांगलेला चेंडू

आता उडीकडे येऊ. कझेलीची उंची होती सुमारे १८० सेंटिमीटर. रस्त्यावर उंच, पण रकमध्ये मध्यमच. त्याच्यासमोर त्याहून उंच आणि वजनदार गडी उभे राहत. दोघांनी हात वर केले की उंच माणसाची बोटं सहज दहाएक सेंटिमीटर पुढे जाणार. हा तोटा भरून काढायचा तर उडी जास्त हवी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती योग्य क्षणी हवी.

कझेलीने घरच्या शेडमध्ये छताला दोरीने चेंडू टांगला होता आणि त्यावर तो उड्या मारत बसे. हात चेंडूला लागला की दोरी वर ओढायची आणि पुन्हा सुरुवात. दारूपासून तो जवळजवळ दूर होता, सिगारेट ओढत नसे, आणि खाण्यापिण्याबद्दल काटेकोर होता. आज याचं कोणाला नवल वाटणार नाही. तेव्हा आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदानाला चार फेऱ्या मारल्या की सराव झाला असं मानणाऱ्यांत हा माणूस विक्षिप्तच ठरला असेल.

त्याला पाहिलेले लोक सांगत की तो हवेत थांबतो. हवेत कोणी थांबत नाही. पण तसं दिसतं खरं, आणि ते का दिसतं हे थोड्या गणिताने कळतं. समजा एखादा खेळाडू ६० सेंटिमीटर उंच उडाला. (हा आकडा हिशेबापुरता धरला आहे, कझेलीची उडी कोणी मोजली नव्हती.) वर जायला त्याला सुमारे ०.३५ सेकंद लागतात, खाली यायला तेवढेच. एकूण ०.७० सेकंद. आता असं विचारा की या वेळापैकी वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये, म्हणजे वरच्या चतुर्थांशात, तो किती वेळ असतो? उत्तर येतं ०.३५ सेकंद. अर्धा वेळ! झोका टोकाला पोचताना मंदावतो, क्षणभर अडतो आणि मग परत फिरतो. उडीचंही तसंच. वर जाताना वेग संपत जातो, त्यामुळे माणूस सगळ्यात जास्त वेळ काढतो तो सगळ्यात वर.

आता दोघे उडाले आहेत असं धरा. उंच गडी दशांश-दोन दशांश सेकंद आधी उडाला. चेंडू हाताशी येईपर्यंत त्याचा टोकाचा काळ संपला, तो खाली यायला लागला. त्याच क्षणी बुटका आपल्या टोकाला पोचतो. दहा सेंटिमीटरचा फरक तिथे मिटला. दोरीला टांगलेल्या चेंडूवर हजारो उड्या मारून नेमकं हेच गाठीला बांधता येतं: कुठून धावायचं, कुठल्या पावलावर उठायचं, हात केव्हा उघडायचा.

खुद्द कझेली मात्र आपल्या उडीचं श्रेय श्वासाला देई. उठताना छाती भरून श्वास घ्यायचा, त्याने माणूस वर उचलला जातो, असं तो सांगे. भौतिकशास्त्र याला मान डोलावणार नाही. बाहेरची हवा छातीत भरली म्हणून कोणी हलकं होत नाही, आतली हवा बाहेरच्या इतकीच जड असते. तरी त्याला मी हसणार नाही. श्वासाला ताल बांधला की पावलालाही ताल येतो, धड ताठ राहतं, घाई कमी होते. त्याला उपयोग होत होता. कारण त्याने चुकीचं सांगितलं एवढंच.

६. तीन जण आणि एक आरोळी

१९२१ मध्ये कझेली साउथ मेलबर्न क्लबकडे गेला, म्हणजे परत आपल्या अल्बर्ट पार्कच्या तळ्याकाठी. तिथे त्याला दोन साथीदार मिळाले. फ्रेड फ्लायटर, दणकट अंगाचा, आणि मार्क टँडी, चपळ रोव्हर. टँडीला सगळे 'नॅपर' म्हणत, फ्लायटरला 'स्कीटर'.

त्यांचं काम कसं चाले ते जवळून बघण्यासारखं आहे. पंचाने चेंडू आपटला, किंवा सीमेबाहेर गेलेला चेंडू आत फेकला. सगळे वर बघतायत. फ्लायटर मात्र चेंडूकडे बघतच नाही, तो प्रतिस्पर्धी रकवाल्याच्या आडवा येतो. हात न लावता नुसतं अंग मधे घालून अडवणं, ज्याला इथे 'शेपर्ड' करणं म्हणतात, ते तेव्हा चेंडूजवळ नियमाला धरून होतं. समोरच्याला धाव घेता येत नाही. पाठीमागून कझेलीची पावलं वाजतात, आणि चेंडू हाताच्या टप्प्यात येणार त्या बेताला फ्लायटर ओरडतो: "अप देअर, कझेली!" कझेली उठतो. शक्य असलं तर चेंडू थेट झेलतो, नाही तर टँडी जिथे पोचणार तिथे टोलवतो. टँडी तो मातीला लागायच्या आत उचलून निघालेला असतो.

म्हणजे मुळात ही आरोळी जयजयकाराची नव्हतीच. कामातला इशारा होता तो, वेळ सांगणारा. मैदान लहान, प्रेक्षक कुंपणाला चिकटून उभे, त्यांना तो ऐकू जाई. काही दिवसांत फ्लायटरच्या आधी प्रेक्षकच ओरडू लागले. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ऑस्ट्रेलियन सैनिक हेच ओरडत. १९५५ साली रंगभूमीवर आलेल्या रे लॉलरच्या 'समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल' या गाजलेल्या नाटकातही ही आरोळी आहे. १९७९ मध्ये माइक ब्रॅडीने एका टीव्ही वाहिनीच्या फूटी प्रक्षेपणाच्या जाहिरातीसाठी गाणं लिहिलं, त्याचं नावही हेच, आणि ते देशातल्या खपाच्या यादीत पहिलं आलं. आज तिशी-चाळिशीतल्या बहुतेकांना कझेली माहीत आहे तो या गाण्यामुळे. फ्लायटरचं नाव त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येईल. आरोळी त्याची, वाट त्याने मोकळी केलेली, आणि नाव कझेलीचं. रकमधल्या दुसऱ्या माणसाच्या वाट्याला बहुधा हेच येतं.

७. मग आकड्यांत काहीच का नाही?

साउथ मेलबर्नकडून कझेली १९२१ ते १९२४ आणि पुन्हा १९२६-२७ असा खेळला. सामने किती? ९९. दोन क्लब, दोन्हीकडे ९९, बेरीज १९८. नियतीला गंमत करायची होती असं म्हणावं तर म्हणा.

अजिंक्यपदाचं नशीब तर आणखी वाईट. साउथ मेलबर्नने ते १९०९ ला जिंकलं, तेव्हा हा शाळकरी वयाचा. १९१८ ला जिंकलं, तेव्हा हा सेंट किल्डाकडे. १९३३ ला जिंकलं, तेव्हा हा टास्मानियात. सेंट किल्डाने पहिलं आणि आजवरचं एकमेव अजिंक्यपद मिळवलं १९६६ साली, तो गेल्यावर तीन वर्षांनी. ब्राउनलो पदक सुरू झालं १९२४ ला, तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता.

राहिली त्याच्या कामाची मोजणी. क्रिकेटमध्ये स्कोअररची वही असते. ब्रॅडमनचा प्रत्येक चेंडू नसला तरी प्रत्येक डाव तिथे लिहिलेला आहे. फूटीत त्या काळी फक्त गोल आणि बिहाइंड मोजत, कारण निकाल त्यांवर ठरे. रकमध्ये कोणी किती चेंडू टोलवले, किती झेल घेतले, टोलवलेल्या किती चेंडूंवर पुढे गोल झाले, हे लिहून ठेवायची पद्धत नव्हती. आज सामना चालू असतानाच हे सगळं संगणकावर चढतं. कझेलीचं मुख्य कौशल्य ज्या रकान्यात बसलं असतं तो रकाना त्याच्या काळी आखलेलाच नव्हता. म्हणून त्याची तुलना आजच्या कोणाशी करता येत नाही, आणि तशी कोणी करू लागला तर त्याचं फार मनावर घेऊ नये.

पण एक साक्ष उरते. लोक आकडे बघून ओरडत नव्हते, डोळ्यांनी बघून ओरडत होते, आणि ते सुद्धा न जिंकणाऱ्या संघाच्या खेळाडूसाठी. मला ही साक्ष पदकापेक्षा वजनदार वाटते. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्या बारा 'लेजंड्स'मध्ये त्याला घेतलं, ते त्यामुळेच असणार.

८. गव्हाच्या गावापासून टास्मानियापर्यंत

१९२५ चा एक हंगाम वर सुटला, तो चुकून नाही. त्या वर्षी कझेली मिनिप नावाच्या गावी कप्तान-प्रशिक्षक म्हणून गेला. मिनिप हे व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडच्या विमेरा प्रांतातलं गव्हाच्या शेतीचं गाव. देशातल्या सर्वांत गाजलेल्या खेळाडूने भर बहरात असं आडगावी का जावं?

इथे १९११ ची ती परवानगी आठवा. लीगमधला खेळाडू सामन्यामागे थोडे पौंड मिळवी. पण गावोगावच्या क्लबांना इरेला पेटून जिंकायचं असे, आणि शहरातला नामांकित खेळाडू कप्तान-प्रशिक्षक म्हणून आणायला ते चांगली रक्कम मोजत, कधी सोबत नोकरीही देत. पुढे १९३० मध्ये तर लीगने सामन्याला जास्तीत जास्त तीन पौंड अशी मर्यादाच घातली आणि बाहेरची ओढ आणखी वाढली. आपल्याला आज वाटतं, मोठा खेळाडू म्हणजे मोठ्या लीगमध्ये. त्या काळच्या खेळाडूला पोटापाण्याचा हिशेब तसा वाटत नव्हता.

१९२७ नंतर कझेली जो भटकला त्याची यादीच लांब आहे. टास्मानियातलं लाँसेस्टन, मग मेलबर्नचं प्रेस्टन, मग हॉबार्टमधलं नॉर्थ हॉबार्ट. व्हिक्टोरियाकडून खेळलेला माणूस आता टास्मानियाकडून आंतरराज्य सामने खेळला. १९३७-३८ ला तो साउथ मेलबर्नला प्रशिक्षक म्हणून परतला, पण तोवर संघ उतरणीला लागला होता. १९४१ मध्ये कॅम्बरवेल क्लबात प्रशिक्षक असताना तो स्वतः मैदानात उतरला. वय अठ्ठेचाळीस.

त्याच्या पुढच्या वर्षी त्याने हॉथॉर्न हातात घेतलं. १९२५ ला लीगमध्ये आलेला हा क्लब तोवर कधीच बाद फेरीत पोचला नव्हता आणि सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता. त्यात टोपणनाव 'मेब्लूम्स', म्हणजे मे महिन्यातली फुलं. कझेलीला ते पटेना. फुलांना कोण घाबरणार? त्याने सुचवलं 'हॉक्स', ससाणे. १९४२ च्या हंगामात संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला, पण १९४३ मध्ये तोच संघ पाचवा आला आणि बाद फेरी थोडक्यात हुकली. बाद फेरीत पहिल्यांदा जायला हॉथॉर्नला १९५७ उजाडावं लागलं. त्यानंतर मात्र या क्लबने अजिंक्यपदांची रांग लावली, आणि छातीवर नाव ससाण्याचंच.

शेवटची वर्षं कझेलीने हॉबार्टमध्ये काढली. न्यू टाउन क्लबाला त्याने घडवलं, दुखावलेल्या स्नायूंवर उपचार करण्याचा व्यवसाय केला, शर्यतीचे घोडे तयार केले. खांदा दुखावला म्हणून ज्याने कारकिर्दीच्या आरंभी क्लब सोडला, तो आता दुसऱ्यांचे खांदे आणि गुडघे बसवत होता. १० ऑक्टोबर १९६३ रोजी तो हॉबार्टमध्येच वारला.